पंधरापैकी पंधरा

किल्लीला आयुष्यात दोनच प्रकारच्या गोष्टींची भीती वाटायची: माहीत असलेल्या आणि माहीत नसलेल्या. पहिल्या प्रकारात कुत्री, इंजेक्शन, लिफ्ट आणि थोरली बहीण यायची. दुसऱ्यात उरलेलं जग. अशा माणसाने कुलपं उघडण्याचा धंदा का निवडला, असं लोक विचारायचे. तो सांगायचा, कुलूप चावत नाही.

सव्वीस वर्षं तो हेच करत होता. लोकांच्या किल्ल्या हरवायच्या, दारं वाऱ्याने ओढली जायची, मग त्याला फोन यायचा. नावच किल्ली पडलं होतं. खरं नाव फक्त मतदार यादीत आणि ताईच्या रागात शिल्लक होतं.

कुलूप उघडणं हे सगळं बोटांचं काम. आत पाच-सहा पिना असतात, एकीमागे एक. एका हाताने पट्टीचा हलका ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या तारेने एकेक पिन वर ढकलायची. पिन जागेवर बसली की तारेतून बोटांत बारीकशी चाहूल येते, मुंगीने पाय आपटावा एवढी. ती कळली की पुढची पिन. ती नाही कळली, तर दारात बसलेला माणूस आणि दारात ठेवलेलं पायपुसणं यांत फारसा फरक उरत नाही.

गेलं वर्षभर किल्लीला ती चाहूल लागत नव्हती. उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट. आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा, मग काहीच नाही. तीन बोटांनी परस्पर राजीनामा दिला होता आणि हाताला कळवलंही नव्हतं. त्याने हे कोणाला सांगितलं नाही. तो कानांवर काम भागवू लागला. पिन बसताना आवाजही होतो, अगदी पुसट, पण कान दाराला चिकटवला की ऐकू येतो. फक्त आजूबाजूच्यांना गप्प करावं लागायचं. "बोलू नका. पंखा बंद करा. श्वास जरा तिकडे जाऊन घ्या." लोकांना वाटायचं, काय एकाग्र कारागीर आहे.

मग एका सकाळी एक आजीबाई न्हाणीघरात अडकल्या, नळ सोडून. आत धो धो पाणी, आणि किल्लीच्या कानात पाण्याशिवाय काही शिरेना. आजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे नळ बंद करा हे ओरडून सांगण्यात दहा मिनिटं गेली आणि आतून उत्तर आलं, "साबण आहे माझ्याकडे." शेवटी त्याने पहारीने दार तोडलं. कुलूप आतून गंजलंय, असं घरच्यांना सांगितलं. कुलूप नवं होतं. 

ताईला सांगावं लागलं नाही. ताई तेहतीस वर्षं शिक्षिका होती, आणि त्यातली बरीचशी परीक्षेच्या वर्गात पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालण्यात गेली होती. कोणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे हे तिला मोजे न बघता कळायचं. निवृत्त झाल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली होती आणि आता वर्गात एकच मुलगा उरला होता.

"हात दाखव," ती म्हणाली. त्याने डावा दाखवला. "दुसरा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मनगटातून जाणारी नस दबून दबून दुखावली होती. गोळ्या किल्लीच्या पोटाला मानवत नव्हत्या, मनगटाचा पट्टा चार महिने लावून झाला होता. उरलं ऑपरेशन, नाहीतर एक मशीन. "औषध नाही, सुई नाही, चिरफाड नाही," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यातून एकदा, असं सहा वेळा करून बघू. काहींना फरक पडतो, काहींना नाही. यावरचे अभ्यास अजून थोडे आहेत. मी खात्री देत नाही."

"मशीनचं नाव काय?" किल्लीने विचारलं.

"शॉकवेव्ह."

यातला 'वेव्ह' त्याने ऐकलाच नाही.

पहिल्या दिवशी तो गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट घालून गेला. फिजिओथेरपिस्ट पोरगेलीशी मुलगी होती. तिने बुटांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे.

"काका, हे कशाला?"

"शॉक जमिनीत उतरायला नको."

ती हसली नाही. मागच्या महिन्यात एक गृहस्थ लाकडी स्टूल घेऊन आले होते, असं तिने सांगितलं. "यात वीज अंगात जात नाही, काका. ही दाबाची लाट असते, आवाजासारखी. ठोका कातडीवर बसतो, लाट आत जाते. तिथलं रक्त खेळतं राहतं आणि नस भरून यायला मदत होते, असा अंदाज आहे."

"अंदाज?"

"अंदाज."

"अंदाज आहे, मॅडम, की खात्रीचा अंदाज आहे?"

"बस खाली," ताई कोपऱ्यातून म्हणाली.

आधी बोटांची परीक्षा झाली. केसाएवढा नायलॉनचा धागा, दांडीला लावलेला. किल्लीने डोळे मिटायचे, ती धागा बोटाच्या टोकाला टेकवणार, कळलं की त्याने 'हो' म्हणायचं. डोळ्यांपुढे अंधार झाला आणि तो वाट बघत राहिला. कुठून तरी काहीतरी येणार आणि ते आलेलं आपल्याला कळणार नाही, यासारखी भीती त्याला आजवर कुत्र्यानेही दाखवली नव्हती. पंधरापैकी दोन.

मग मनगटावर गार जेल, आणि त्यावर ड्रिलसारखं दिसणारं नळकांडं. टकटकटकटक. मशीनच्या पडद्यावर दोन हजारांचा आकडा उलटा उतरत होता. दुखत होतं असं नाही, पण कोणीतरी मनगटाचं दार वाजवतंय आणि आत कोणी राहतंय की नाही याचा पत्ता नाही, असं वाटत होतं. किल्लीने डाव्या हातात ताईच्या पर्सचा पट्टा धरला होता. दोन हजारावा ठोका पडला तेव्हा तो पट्टा तुटला.

असं तीन आठवडे चाललं. बोटं तशीच. चौथ्या आठवड्यात फिजिओ म्हणाली, "आज मशीनच्या आधी पुन्हा मोजू. अजिबातच फरक नसेल तर डॉक्टर ऑपरेशनची तारीख देणार आहेत."

 ऑपरेशनबद्दल त्याला एवढंच माहीत होतं की त्यात माणसाला उघडतात. उघडण्याच्या कामात किती वेळा वस्तू पुन्हा नीट बंद होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि उघडूनही बोटं मेलेलीच निघाली तर? दार तोडलं आणि आत कोणीच नाही, असं.

त्याने डोळे मिटले. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या कानांनी, कोणी न सांगता, ड्युटी सुरू केली. फिजिओ फिरत्या खुर्चीवर बसली होती. धागा टेकवायला ती पुढे वाकली की खुर्ची 'कुई' करायची. अगदी पुसट. पिन बसल्यासारखी.

कुई. "हो," किल्ली म्हणाला.

कुई. "हो."

त्याला थांबायचं होतं. सव्वीस वर्षांच्या सवयीला थांबायचं नव्हतं. समोर कुलूप आलं, त्याने ते उघडलं. पहिल्या दोन हुकलेल्या वेळा ती पुन्हा घेते म्हणाली, आणि त्याही त्याने उघडल्या.

"पंधरापैकी पंधरा," फिजिओ म्हणाली. तिचा आवाज चिरकला. तिने डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावलं. सहकाऱ्याने किल्लीचं बोट देवघरातल्या वस्तूसारखं अलगद धरून पाहिलं. आता मशीनची गरज नाही, असं ठरलं. त्याचा केसपेपर बंद झाला. बाहेर बाकावर एक शिवणकाम करणारी बाई बसायची, तिचीही तीच नस, तीच तीन बोटं. फिजिओने तिला आनंदाने सांगितलं. बाई उठून किल्लीजवळ आली.

"परवा माझं ऑपरेशन ठरलंय," ती म्हणाली. "आता पुढे ढकलते. तुमच्याकडे बघून धीर आला."

किल्लीने उजवा हात पाठीमागे लपवला. "माझ्याकडे नका बघू," तो म्हणाला. तिला वाटलं, लाजाळू आहे.

घरी ताईने जेवायची ताटं मांडली.  किल्लीने गॅसवरून नुकतं उतरलेलं पातेलं उजव्या हाताने उचललं, टेबलावर आणून ठेवलं, आणि मगच ताईचा चेहरा बघून त्याला कळलं की पातेलं फडक्याने धरायचं असतं.

"पंधरापैकी पंधरा," ताई म्हणाली.

"हो."

"अकरावीच्या एका मुलाला मी शंभरापैकी शंभर पडलेले बघितले होते. त्याने शेजारच्याचं नावसुद्धा उतरवलं होतं." तिने त्याचा भाजलेला अंगठा नळाखाली धरला. "कॉपी केलीस ना?"

"नाही."

"बरं," ताई म्हणाली. तिच्या 'बरं'ला किल्ली कुत्र्यापेक्षा जास्त भ्यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या बाजूने घरघर ऐकू आली. घरामागे कपडे धुण्याची छोटी खोली होती, बिनखिडकीची. वॉशिंग मशीन जुनं होतं आणि सुकवणीला लागलं की घर उड्डाण करतंय असं वाटायचं. किल्ली गेला तर दार बंद.

"ताई?"

"मी आत आहे," दारामागून ताईचा आवाज आला, परीक्षेच्या वर्गातला. "कुलूप आतून लावलंय. तुझं तूच बसवलेलं. मशीन चालू आहे. अर्धा तास वेळ. पेपर सुरू."

"ताई, हे काय पोरकटपण."

"बोलण्यात वेळ घालवू नकोस. जादा वेळ मिळणार नाही."

त्याने हत्यारं आणली. गुडघ्यांवर बसला, पट्टी लावली, तार आत घातली. हे कुलूप त्याच्या ओळखीचं होतं, पाच पिनांचं, दुकानातलं सगळ्यात चांगलं. कान दाराला लावला. आत नुसता गडगडाट. त्याने तार हलवली. बोटांत काही नाही. तारेच्या एका टोकाला कुलूप होतं आणि दुसऱ्या टोकाला कोणीच नव्हतं.

दहा मिनिटं गेली. मग आतून ताई म्हणाली, "अरे." हा वर्गातला आवाज नव्हता.

"काय झालं?"

"किल्ली मशीनमध्ये गेली."

"मी बाहेर आहे, ताई."

"तू नव्हे रे. दाराची किल्ली. गाऊनच्या खिशात ठेवली होती. गाऊन धुवायला टाकला. आता मशीनचं झाकण उघडत नाही."

किल्लीने मशीन बंद करायला सांगितलं. बटण अडकलं होतं. प्लग मशीनच्या मागे, आणि मशीन भिंतीला लागून. मेन स्विच पाडावा, तर वीज गेली की या मशीनचं झाकण उघडतच नाही, आणि वर आत अंधार. खोलीत हवा यायला दाराखालची फट सोडली तर काही नव्हतं. घाबरण्याजोगं नाही, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि ते म्हणण्यापुरतासुद्धा श्वास त्याला पुरला नाही. मशीनला अजून चाळीस मिनिटं होती. ताई पासष्ट वर्षांची होती.

"गरम होतंय जरा," ताई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "जरा लवकर कर हं."

ताई त्याला आजवर लवकर कर म्हणाली नव्हती. लवकर का केलं नाहीस, असं म्हणायची.  त्याने तार दाबली. पहिली पिन बसली असेल, नसेल. दुसरी? त्याला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एका कुलपाने त्याला घाबरवलं, आणि तेही स्वतःच बसवलेल्या. तार हातातून निसटून खाली पडली. पडल्याचं त्याला कळलं नाही. तो रिकामी चिमूट कुलपाच्या भोकापुढे हलवत राहिला. खाली बघितल्यावर त्याला ती दिसली.

मग त्याने पहारीकडे पाहिलं. मग दाराकडे.

"ताई, दार तोडतो. मागे सरक."

"सरकायला जागा नाही. मशीन आहे मागे. दार माझ्या अंगावर येईल."

तो दाराला पाठ लावून खाली बसला. "ताई," तो म्हणाला, "मला काहीच कळत नाहीये. बोटांत. खुर्ची वाजत होती तिची. मी ऐकून सांगितलं."

आत नुसती घरघर. मग अगदी दाराजवळून, बहुतेक तीही खाली बसली होती, "किती आले होते खरे?"

"एकही नाही. त्याआधी दोन आले होते, आता तेही नाहीत. की मी ऐकण्याच्या नादात लक्षच दिलं नाही, तेही माहीत नाही."

"आणि ती बाई?"

"तिने तारीख पुढे ढकलली. माझ्याकडे बघून."

"हं."

"ऑपरेशन करूनही बोटं परत आली नाहीत तर, ताई? मी दुसरं काय करू? मला भीती वाटते."

"मग मला इथे काय गंमत वाटतेय का," ताई म्हणाली. "दाराच्या फटीशी नीट बस. वारा अडवतोयस."

तो बाजूला झाला. वही घेऊन फटीतून वारा घालत राहिला. ती मधूनमधून किती मिनिटं राहिली विचारत होती आणि तो खरं सांगत होता. चाळीस मिनिटांनी मशीन धापा टाकत थांबलं, झाकण सुटलं, ओल्या गाऊनमधून किल्ली निघाली आणि दार उघडलं. ताई लालबुंद झाली होती. केस कपाळाला चिकटले होते.

"नापास," ती म्हणाली. "पाणी दे."

दुसऱ्या दिवशी किल्ली आधी त्या शिवणाऱ्या बाईला भेटला, कारण तिला सांगणं जास्त अवघड होतं. तिने ऐकून घेतलं. "तरी म्हटलं एवढा चांगला हात झालाय आणि चेहरा असा का," एवढंच म्हणाली, आणि डॉक्टरांना विचारायला आत गेली. मग तो फिजिओपुढे उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला.

 फिजिओने खुर्चीत बसून पुढे वाकून पाहिलं. कुई.

"हा आवाज?"

"तोच."

"मला दोन वर्षांत ऐकू आला नाही," ती म्हणाली. ती चिडली होती की चकित झाली होती हे किल्लीला कळेना, म्हणून तो दोन्हीसाठी घाबरला. शेवटी तिने बंद केलेला कागद पुन्हा काढला. "तीन वेळा झालंय. तीन उरलेत. चुकीचे आकडे मी खोडणार आणि का खोडले ते लिहिणार. सहा झाल्यावर पुन्हा मोजू. तेव्हा फरक नसला तर ऑपरेशन, आणि मी स्वतः तुमच्यासोबत दारापर्यंत येईन. चालेल?"

"चालणार नाही," किल्ली म्हणाला. "पण येतो."

पुढचे तीन आठवडे टकटकटकटक. दोन हजार, दोन हजार, दोन हजार. ताईने नवीन पर्स आणली नव्हती, म्हणून तो तिचा दंड धरायचा.

परीक्षेच्या दिवशी फिजिओ उभी राहिली, अनवाणी. मशीनचं नळकांडं तिने जेलच्या पिशवीवर टेकवून सुरू करून ठेवलं, म्हणजे खोलीत टकटक सोडून काही ऐकू येऊ नये. त्यावर कानांत बोळे. ताई मागे हात बांधून येरझाऱ्या घालत होती. किल्लीने डोळे मिटले.

आता काहीच नव्हतं. आवाज नाही, उजेड नाही. एक हात पुढे केलेला, आणि तो हात आपला आहे हेही सांगोवांगीच. किती वेळ गेला कळेना. आतापर्यंत तिने चार-पाचदा टेकवलं असेल, आपल्याला पत्ता नाही. दहादा असेल. संपलंही असेल आणि त्या दोघी आपल्याकडे बघत उभ्या असतील. छाती इतकी धडधडत होती की तीच ऐकू येत होती.

मग अंगठ्याशेजारच्या बोटावर मुंगीने पाय आपटला.

की नाही? त्याला खरंच माहीत नव्हतं. कानांना विचारता येत नव्हतं. हे 'हो' चुकलं तर ते त्याचं स्वतःचं चुकणार होतं.

"हो," तो म्हणाला, इतक्या हळू की फिजिओला पुढे वाकावं लागलं. तिने सांगितलं नाही बरोबर की चूक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. "हो." मग, बऱ्याच वेळाने, मधल्या बोटावर. "हो. बहुतेक. हो."

तिने मशीन बंद केलं, बोळे काढले. "पंधरापैकी सहा," ती म्हणाली. "आणि न टेकवता एकदाही 'हो' नाही."

"सहाच?"

"सहा. मी डॉक्टरांशी बोलते, सध्या तारखेची घाई नको म्हणून. तीन महिन्यांनी परत बघू. पुढे वाढतीलच असं मी म्हणत नाहीये."

किल्लीने बोट बोटावर घासून पाहिलं. तिथे काहीतरी होतं, जाड रजईखालून कोणी हाक मारावी तसं. त्याला वाटलं, आता भीती जाईल. ती गेली नाही. उलट आता हरवण्यासारख्या सहा गोष्टी त्याच्याकडे होत्या.

ताईने कागद मागून घेतला, आकडे तपासले, आणि खाली कोणी सांगितलं नसताना 'पर्यवेक्षक' लिहून सही केली. फिजिओ दमून मागच्या खुर्चीत बसली.

कुई.

"हो," किल्ली म्हणाला.

"तो गुण धरू नका," ताई म्हणाली. "कॉपीचा आहे."